उधारीचा फोन आणि रोखीचा फोन

वाण्याच्या दुकानीं माल दोन रीतींनीं मिळतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. एक रीत वहीची. महिनाभर जिन्नस न्यावयाचे, वाण्यानें ते वहींत मांडावयाचे आणि पगार झाला कीं बेरीज चुकती करावयाची. दुसरी रीत रोखीची. गांठीस पैसे असतील तेवढाच माल पिशवींत पडावयाचा. दोन्ही रीतींत साखर तीच, तांदूळ तेच आणि तराजूही तोच. तरी दोन्ही घरांतील संसाराची चाल वेगळी होते. वहीवाल्या घरांत डबा सहसा रिकामा होत नाहीं, पण महिनाअखेरीस बेरीज पाहून कपाळास आठी पडते. रोखीच्या घरांत बेरजेची धास्ती नसते, पण पाहुणे दारांत आणि साखर संपलेली, असा प्रसंग येऊं शकतो.

आपल्या खिशांतील मोबाईल फोनच्याही नेमक्या ह्याच दोन रीती आहेत. आधीं वापर व मागाहून बिल, ही पोस्टपेडची रीत. आधीं पैसे व मग वापर, ही प्रीपेडची. पोस्टपेड सोडून प्रीपेड घ्यावें काय, हा विचार आज पुष्कळ घरांतून चालतो. कोणास बिलाचा आंकडा जड होऊं लागलेला असतो, कोणाची नोकरी बदललेली असते, कोणास निवृत्तीनंतर खर्च बेतानें करावयाचा असतो. बदल करणें आतां फार सोपें झालें आहे; परंतु तो केल्यानें काय बदलतें आणि काय बदलत नाहीं, ह्याचा नीट विचार मात्र क्वचितच होतो. त्या विचारास उपयोगी पडतील अशा कांहीं गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

उदाहरणासाठीं मीं पुणें जिल्ह्यांतील मुळशी तालुका घेतला आहे. पुण्याच्या चांदणी चौकांतून पश्चिमेस निघालें म्हणजे भूगांव, पिरंगुट आणि तालुक्याचें ठिकाण पौड, हीं गांवें लागतात. पुढें मुळशीचें धरण. ज्याच्याविरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला, तेंच हें धरण. त्याच्याही पलीकडे ताम्हिणी घाट आणि खालीं कोंकण. ह्याच तालुक्याच्या पुण्याकडील अंगास हिंजवडी व माण हीं गांवें असून तेथें राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान वसलें आहे. म्हणजे एका टोकास कचेऱ्यांचे मनोरे, जेथें कित्येकांच्या फोनचें बिल कंपनीच भरते. आणि दुसऱ्या टोकास डोंगरांच्या कुशींतील वाड्या, जेथें बोलण्यासाठीं अंगणांतून बांधापर्यंत रेंज शोधीत जावें लागतें. फोनच्या दोन्ही रीतींची परीक्षा घेण्यास ह्याहून योग्य प्रदेश शोधूनही सांपडणार नाहीं.

प्रथम थोडा इतिहास. भारतांत मोबाईलवरून पहिलें संभाषण झालें तें ३१ जुलै १९९५ रोजीं. पश्चिम बंगालचे तेव्हांचे मुख्यमंत्री ज्योति बसू हे कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशीं बोलले. त्या काळीं गर्दीच्या वेळीं एका मिनिटास १६ रुपयांपर्यंत दर पडे, आणि पैसे केवळ फोन करणारासच नव्हे, तर घेणारासही द्यावे लागत. येणाऱ्या फोनचा हा भार २००३ सालीं उतरला. तोंवर फोन वाजला कीं आनंदाबरोबर हिशेबही मनांत उभा राहात असे. अशा दिवसांत मोबाईल हा व्यापारी, डॉक्टर आणि बडे अधिकारी यांच्यापुरताच होता. कंपनी ग्राहकाचा पत्ता पारखून, अनामत ठेवून मगच जोडणी देई.

ह्यांत नवल कांहींच नाहीं. उधारी द्यावयाची तर ऋणकोची पत पाहावीच लागते. ज्याला कायमचा पत्ता नाहीं, ठराविक वेतन नाहीं, त्याला वहीवर माल कोण देणार? ह्या अडचणीस प्रीपेडनें उत्तर दिलें. पोर्तुगालमधील एका कंपनीनें १९९५ सालीं 'मिमो' ह्या नांवानें आगाऊ पैशाची जोडणी विकावयास काढली. अशा जोडणींत पैसे आधींच हातीं येत असल्यामुळें कंपनीस ग्राहकाची पत पाहावी लागत नाहीं. ही रीत हां हां म्हणतां सर्व जगांत पसरली. आपल्याकडे तर रिक्षावाला, भाजीवाली, गवंडी, ऊसतोड कामगार यांच्या हातीं फोन दिला तो प्रीपेडनेंच. आज भारतांतील मोबाईलधारकांपैकीं शंभरांत नव्वदांहून अधिक लोक प्रीपेडवर आहेत. तेव्हां पोस्टपेड सोडणारा मनुष्य कांहीं आडवाट धरीत नसतो. तो हमरस्त्यास लागत असतो.

अमेरिकेंत ही गोष्ट निराळ्या वळणानें गेली. तेथें पुष्कळ वर्षें कंपन्या महागडा हँडसेट अल्प किंमतीस देत आणि त्याच्या बदल्यांत ग्राहकास दोन वर्षांच्या करारानें बांधून घेत. मध्येंच सोडल्यास दंड पडे. २०१३ सालीं टी-मोबाईल कंपनीनें हे करार टाकून दिले आणि इतरांनाही हळूहळू त्याच वाटेनें जावें लागलें. आपल्याकडेही २००३ च्या पावसाळ्यांत रिलायन्सनें ५०१ रुपये भरून घेऊन हँडसेट हातीं देण्याची योजना काढली होती. उरलेलें मोल मासिक बिलांतून यावयाचें होतें. ग्राहकांची झुंबड उडाली, पण पुढचीं बिलें पुष्कळांनीं भरलींच नाहींत आणि तो तोटा कंपनीस सोसावा लागला. उधारीचा धोका असा दोन्ही बाजूंस असतो. आज आपल्याकडे बहुतेक लोक हँडसेट स्वतंत्रपणें विकत घेतात. त्यामुळें येथील पोस्टपेड ग्राहकास कराराच्या दोरीपेक्षां संवयीची दोरीच अधिक घट्ट बांधून ठेवते.

आतां हिशेब कसा चालतो तें पाहूं. दोघांचा टॉवर एकच, लहरीही त्याच. फरक आहे तो कंपनीच्या यंत्रांतील वहीचा. पोस्टपेडवाल्यानें फोन लावला कीं जोडणी दिली जाते. किती वेळ बोलणें झालें, किती डेटा गेला, ह्याची नोंद होत राहते आणि महिनाअखेर त्या नोंदींवरून बिल निघतें. प्रीपेडवाल्याचें खातें यंत्र आधीं उघडून पाहतें. पॅकची मुदत चालू आहे काय? शिल्लक आहे काय? असल्यास तिचा थोडा भाग बाजूस काढून ठेवून जोडणी देतें. तो भाग संपत आला कीं पुन्हां खातें पाहतें. नसल्यास जोडणी नाकारतें. हें सारें निमिषार्धांत घडतें आणि प्रत्येक वेळीं घडतें.

ह्या एका फरकांतून बाकीचे सर्व फरक निघतात. ठरलेली मर्यादा ओलांडली तर पोस्टपेड चालत राहतें आणि पैसे वाढत जातात. प्रीपेड थांबतें आणि पैसे वाचतात. परदेशीं गेलेल्या मनुष्यानें नेट चालूं ठेवला, तर पोस्टपेडमध्यें त्याची शिक्षा घरीं परतल्यावर बिलाच्या रूपानें मिळूं शकते. प्रीपेडमध्यें खात्यांत असेल तेवढ्यापुरतेंच नुकसान होतें. उलटपक्षीं, पॅकची तारीख विसरलेल्या मनुष्याचा प्रीपेड फोन रात्रीं डॉक्टरांस बोलावण्याच्या वेळींही मुका राहूं शकतो. पोस्टपेडवाल्यास बिलाची तारीख चुकली तरी कांहीं सवड असते. म्हणून पोस्टपेड बरें कीं प्रीपेड बरें, हा प्रश्न मुळांत, आपणांस कोणती चूक परवडेल, असा आहे. पैशाची चूक परवडत नसेल त्यानें प्रीपेड घ्यावें. तारखेची चूक परवडत नसेल त्यानें दहा वेळां विचार करावा.

पैशाची गोष्ट निघाली आहे तर अंकगणितही पाहूं. पोस्टपेडच्या जाहिरातींतील रक्कम बहुधा कर सोडून असते. तिच्यावर १८ टक्के जीएसटी पडतो. म्हणजे ४०० रुपयांचा प्लॅन हातीं पडेतों ४७२ रुपयांचा होतो. प्रीपेड पॅकची किंमत मात्र करासह सांगितलेली असते. पण तेथें दुसरी मेख आहे. पुष्कळ पॅक महिन्याचे म्हणून घेतले जातात, पण असतात २८ दिवसांचे. बारा वेळां २८ म्हणजे ३३६ दिवस. वर्षाचे २९ दिवस उरतातच. म्हणजे वर्षांत बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात. 'दुष्काळांत तेरावा महिना' ही म्हण आपल्याकडे आहेच. प्रीपेडवाल्याच्या घरीं हा तेरावा महिना दरसाल येतो. ८४ दिवसांच्या पॅकचेंही तसेंच; चार पॅक मिळून पुन्हां ३३६ दिवसच भरतात. समजा, २८ दिवसांचा पॅक ३०० रुपयांस आहे. तेरा वेळचे ३,९०० रुपये होतात. म्हणजे खरा मासिक खर्च ३०० नव्हे, ३२५ रुपये. ४७२ रुपयांच्या पोस्टपेडचे वर्षास ५,६६४ रुपये होतात. ह्या काल्पनिक उदाहरणांत प्रीपेड स्वस्त ठरलें. परंतु तुलना करावयाची ती अशी वर्षाच्या आंकड्यांची. जाहिरातींतील दोन आंकडे शेजारीं मांडून केलेली तुलना फसवी असते.

ग्राहकांच्या तक्रारींवरून ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, ह्या संस्थेनें २०२२ सालीं ह्यांत लक्ष घातलें. प्रत्येक कंपनीनें ३० दिवसांच्या मुदतीचे आणि दर महिन्याच्या त्याच तारखेस नवे करतां येतील असेही पॅक ठेवावे, असा दंडक तिनें घातला. हे पॅक दुकानदार आपण होऊन दाखवीलच असें नाहीं. ते विचारून घ्यावे.

डेटाच्या बाबतींत आणखी एक भेद आहे. पोस्टपेडमध्यें बहुधा सबंध महिन्याचा सांठा एकत्र मिळतो. प्रीपेडच्या पुष्कळ पॅकांत रोजचा शिधा ठरलेला असतो. तो त्या दिवशीं वापरला नाहीं तर बहुधा वायां जातो आणि संपला तर नेट गोगलगाईच्या गतीनें चालतो. रोज थोडें थोडें वापरणारास रोजचा शिधा बरा. आठवडाभर कचेरींतील वायफायवर काम करून रविवारीं मुलांना घेऊन धरणावर जाणाऱ्या आणि तेथून चित्रफिती पाठविणाऱ्या गृहस्थास महिन्याचा सांठा बरा. तेव्हां पॅक घेण्यापूर्वीं आपल्याच मागील तीन महिन्यांचीं बिलें काढून पाहावीं. त्यांत आपला खरा वापर नोंदलेला असतो, आणि तो आपल्या समजुतीपेक्षां बहुधा कमी निघतो.

आतां मुळशींतील एक घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. मुलगा हिंजवडीस नोकरीस आहे, सून पिरंगुटला शिक्षिका आहे, आणि आई ताम्हिणीच्या बाजूच्या वाडीवर राहते. तिघांचे फोन मुलाच्या नांवावरील एकाच कौटुंबिक पोस्टपेड बिलांत आहेत. मुलगा म्हणतो, "बिल फार होतें, सगळे फोन प्रीपेड करून टाकूं." विचार चांगला आहे, पण 'सगळे' ह्या शब्दाशीं जरा थांबलें पाहिजे, कारण ह्या तिघांच्या गरजा तीन प्रकारच्या आहेत.

मुलाच्या हातीं स्मार्टफोन आहे. पॅकची तारीख तोच फोन त्यास सांगेल. सुनेचेंही तसेंच. पण आईचा फोन बटणांचा आहे. तिला नेट नको. मुलाचा आवाज ऐकूं यावा आणि अडीअडचणीस त्याला हांक मारतां यावी, एवढेंच तिचें मागणें. तिच्यासाठीं दरमहा संपणारा डेटाचा पॅक म्हणजे न खाणाऱ्याच्या पानांत वाढलेलें पक्वान्न. अशांसाठीं ट्रायनें २०२४ च्या डिसेंबरांत नियम केला कीं, केवळ बोलणें व संदेश एवढ्यापुरते, डेटा नसलेले पॅक कंपन्यांनीं ठेवावे. पॅकची मुदतही तेव्हां ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत नेण्यास मोकळीक दिली. पुढील वर्षाच्या आरंभीं कंपन्यांनीं असे पॅक बाजारांत आणले. आईस वर्षाचा एकच पॅक, आणि त्याची तारीख लक्षांत राहील अशा सणाच्या सुमारास, असें केलें तर प्रीपेडचा तारखेचा दोष बराचसा निघून जातो. रिचार्ज करावयाचा तो मुलानें, आपल्या फोनवरून. आईस दुकान शोधीत पौडला यावयास लावूं नये.

दुसरी गोष्ट रेंजची. पैसे आधीं दिले काय आणि मागाहून दिले काय, डोंगर आपल्या जागीं राहतो. त्याच कंपनीच्या पोस्टपेडवरून प्रीपेडवर आल्यानें रेंज वाढतही नाहीं आणि घटतही नाहीं. परंतु लोक रीत बदलतां बदलतां स्वस्त पॅकच्या मोहानें कंपनीही बदलतात, आणि मग पावसाळ्यांत वाडीवरचा फोन लागेनासा झाला म्हणजे दोष प्रीपेडवर ढकलतात. पुण्यांत उत्तम चालणारी कंपनी घाटाच्या तोंडाशीं चालेल, अशी खात्री नसते. टॉवर डोंगराच्या पलीकडे असेल तर लहरी अडतात. म्हणून कंपनी बदलावयाची तर ज्या जागीं फोन वापरावयाचा, त्या जागच्या शेजाऱ्यांना विचारावें. शेजाऱ्याच्या फोनवरून, घराच्या आंत उभें राहून एकदां बोलून पाहावें. कंपन्यांनीं आपापल्या जाळ्याचे नकाशे संकेतस्थळांवर दाखवावे, असेंही २०२४ च्या नियमांनीं ठरलें आहे. तेही पाहावे, पण शेजाऱ्याच्या अनुभवास अधिक मान द्यावा. आणखी एक सावधगिरी: जिओचें जाळें ४जी व ५जीचेंच असल्यामुळें तें सिम जुन्या २जी हँडसेटमध्यें चालत नाहीं. आईचा जुना फोन तसा असेल तर हँडसेटही बदलावा लागेल, आणि वाचणारे पैसे तेथेंच खर्ची पडतील.

आतां प्रत्यक्ष कृति. कागद-पेन्सिल हाताशीं असेल तर मुद्दे टिपून घ्यावे.

कंपनी तीच ठेवून पोस्टपेडचें प्रीपेड करावयाचें असेल, तर २०२१ च्या सप्टेंबरांत दूरसंचार विभागानें काढलेल्या आदेशामुळें हें काम घरबसल्या होतें. कंपनीच्या ॲपवर वा संकेतस्थळावर मागणी नोंदवावयाची, फोनवर आलेला ओटीपी भरावयाचा, झालें. मन पालटून पुन्हां पोस्टपेडवर जावयाचें असल्यास कांहीं काळ थांबावें लागतें. ही मुदत पूर्वीं ९० दिवसांची होती, ती २०२५ सालीं ३० दिवसांवर आली. मागचें बिल मात्र आधीं पुरतें चुकतें केलेलें असावें.

कंपनीही बदलावयाची असेल, तर क्रमांक तोच ठेवून ती बदलण्याची सोय सबंध देशांत २० जानेवारी २०११ पासून आहे. हिलाच लोक 'पोर्ट करणें' म्हणतात. 'पोर्ट' हा शब्द व त्यापुढें आपला क्रमांक असा संदेश १९०० ह्या क्रमांकावर पाठविला म्हणजे आठ अक्षरांचा एक संकेत येतो. महाराष्ट्रांत तो चार दिवस चालतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानीं जावें, नवें सिम घ्यावें. एकाच मंडलांतील बदल बहुधा तीन कामकाजाच्या दिवसांत पुरा होतो. सध्यांच्या कंपनीकडे येऊन ९० दिवस झालेले नसतील, किंवा बिलाची मुदत उलटूनही पैसे थकले असतील, तर संकेत मिळत नाहीं. सिम हरवून नवें घेतलें असेल तर त्यानंतर सात दिवस संकेत देऊं नये, असाही नियम १ जुलै २०२४ पासून आहे. दुसऱ्याचा क्रमांक पळविणाऱ्या लुच्च्यांस आळा घालण्यासाठीं तो केलेला आहे. म्हणूनच हा संकेत किंवा कोणताही ओटीपी फोनवरून मागणाऱ्या गोडबोल्या मनुष्यास कदापि सांगूं नये.

बदल होऊन गेल्यावर तीन कामें उरतात, आणि नेमकीं तींच राहून जातात. एक, जुन्या कंपनीचें शेवटचें बिल. शेवटल्या कांहीं दिवसांच्या वापराचें बिल मागाहून येतें. तें थकविल्यास जुन्या कंपनीच्या मागणीवरून नव्या जागींही क्रमांक बंद पडूं शकतो. दोन, आरंभीं अनामत ठेवली असेल तर ती लेखी मागून परत घ्यावी. तीन, बिल परस्पर भरण्याची सूचना बँकेस दिलेली असेल तर शेवटचें बिल भरलें गेल्यावर ती रद्द करावी. ह्या कामांत कंपनीशीं खटका उडाल्यास १९८ ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा अनुक्रमांक लिहून ठेवावा. तेवढ्यानें न भागलें तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जातां येतें. ट्राय स्वतः व्यक्तिगत तक्रारी सोडवीत नाहीं.

आपल्या उदाहरणांतील घरास आणखी एक प्रश्न आहे, तो नांवाचा. कौटुंबिक बिलांतील आईचा फोन कागदोपत्रीं मुलाच्या नांवाचा आहे. हिंजवडीच्या कचेरींतून मिळालेला क्रमांक तर पुष्कळदां नोकरी देणाऱ्या कंपनीच्याच नांवाचा असतो. ज्याच्या नांवावर क्रमांक, त्याचाच त्यावर हक्क. नोकरी सोडतांना कंपनीचें संमतिपत्र घेतलें नाहीं तर दहा वर्षें वापरलेला क्रमांक एका दिवसांत परका होतो, आणि त्याबरोबर बँकेचे संदेशही परके होतात. म्हणून रीत बदलण्यापूर्वीं नांव पाहावें. तें आपलें नसेल तर आधीं नांव बदलून घ्यावें आणि मग प्रीपेडच्या मागें लागावें. वडिलांच्या पश्चात् त्यांच्याच नांवानें चालूं राहिलेल्या फोनांविषयींही हेंच सांगावयाचें आहे.

येथें आपण सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याशीं येऊन पोंचतों. पूर्वीं फोनचा क्रमांक म्हणजे केवळ बोलण्याचा पत्ता होता. आतां तो घराची किल्ली झाला आहे. बँकेचा व्यवहार, आधार, निवृत्तिवेतनाचें खातें, गॅसची नोंदणी, ह्या सर्वांचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. प्रीपेड क्रमांकावर सलग ९० दिवस कसलाही वापर झाला नाहीं तर कंपनीस तो बंद करतां येतो. खात्यांत २० रुपये वा अधिक शिल्लक असेल तर तेवढे कापून ३० दिवसांची वाढ मिळते. पण ही सवलत म्हणजे पॅक नव्हे, आणि तेवढ्यावर विसंबून राहणें शहाणपणाचें नव्हे. बंद झालेला क्रमांक कांहीं काळ, निदान ९० दिवस, तसाच ठेवून पुढें दुसऱ्या ग्राहकास देतां येतो. मग आपल्या बँकेचा संदेश वाजतो तो अनोळखी माणसाच्या खिशांत. मुलाकडे पुण्यास चार-सहा महिने राहावयास आलेली आई, वाडीवरील फडताळांत ठेवलेला तिचा फोन आणि तिकडे मुकाट्यानें संपलेली मुदत, एवढें जुळून आलें कीं तिच्या पेन्शनच्या खात्याचें दार तिलाच बंद होतें. थोड्या रुपयांच्या बचतीपायीं हें होऊं देऊं नये. एखादा क्रमांक खरोखरीच सोडावयाचा असेल, तर आधीं तो बँकेंतून व इतर ठिकाणांहून काढून नवा नोंदवावा आणि मगच सोडावा.

तर मग पोस्टपेडवरच कोणी राहावें? ज्याचें बिल कचेरी भरते त्यानें राहावें. ज्याला वरचेवर परदेशीं जावें लागतें आणि परक्या मुलुखांत फोन थांबून चालत नाहीं, त्यानें बिलावर डोळा ठेवून राहावें. ज्या घरांत तारखा सांभाळणारें कोणीच नाहीं, त्या घरानेंही राहावें. विसरभोळेपणाची किंमत म्हणून तो थोडा अधिक खर्च महाग नाहीं. बाकीच्यांनीं, विशेषतः ज्यांचा वापर ठराविक आहे आणि ज्यांना महिनाअखेरचा अनपेक्षित आंकडा नको आहे त्यांनीं, खुशाल रोखीचा मार्ग धरावा.

मात्र एक गोष्ट मनाशीं बाळगावी. प्रीपेडवर जाणें म्हणजे नुसतें स्वस्त होणें नव्हे. जो हिशेब इतके दिवस कंपनी आपल्या वहींत ठेवीत होती आणि त्याचें मोल घेत होती, तो हिशेब आपण आपल्या घरीं आणीत असतों. तेव्हां घरांत भिंतीवर दिनदर्शिका असेल तर तिच्यावर घरांतील प्रत्येक फोनची मुदत तांबड्या शाईनें लिहावी: आईची, बायकोची, आपली, आणि मुलाच्या कॉलेजांतील फोनचीही. मुदतीच्या दोन दिवस आधीं रिचार्ज करावयाचा, असा घरचा नियम करावा आणि तें काम कोणाचें तें नांव घेऊन ठरवावें. एवढें केलें तर बिलाची धास्ती जाईल, आणि घाटांतल्या वाडीवरून भर पावसांत आलेली हांकही वाटेंत अडणार नाहीं.